ट्रायकोकार्ड की बीटीची फवारणी: भाजीपाल्यातील अळीसाठी काय निवडावे?

रासायनिक कीटकनाशक न वापरता अळीचा बंदोबस्त करायचे एकदा ठरले की बहुतेकांची निवड शेवटी दोन उपायांवर येऊन थांबते. एक म्हणजे ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डे, म्हणजे ज्यांच्या आत हा कीटक वाढत असतो अशी अंडी चिकटवलेले तुकडे, आणि दुसरा म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अर्थात बीटी या जिवाणूची फवारणी. कोबी, फुलकोबी आणि टोमॅटो या पिकांवर मी दोन्ही वापरून पाहिले आहेत आणि पुढील मते त्याच अनुभवावर आधारलेली आहेत. मोजमाप करून काढलेले निष्कर्ष म्हणून ती वाचू नयेत. बीटी म्हणताना येथे केवळ फवारणीची भुकटी किंवा द्रावण अभिप्रेत आहे. त्याच जिवाणूचे जनुक घातलेल्या बियाण्यांचा वाद वेगळा आहे आणि त्यात मी शिरत नाही.

विचार म्हणून पाहिले तर ट्रायकोग्रामाची बाजू निःसंशय सरस आहे. एक मिलिमीटरपेक्षाही लहान असलेली ही मादी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते, तिची अळी आतल्या आत ते अंडे फस्त करते आणि किडीची अळी जन्मालाच येत नाही. याचा अर्थ पानाला एकही छिद्र पडण्यापूर्वी काम झालेले असते. बीटीचे तसे नाही. अळीने जिवाणूचे स्फटिकमय प्रथिन पानासोबत खाल्ले पाहिजे, तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते विरघळले पाहिजे आणि मग आतड्याच्या आवरणाला भोके पडून ती मरते. काही तासांत तिचे खाणे बंद होते, पण मरायला दोन-तीन दिवस, कधी त्याहून अधिक लागतात. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन जिवंत अळ्या पाहिल्या की नवख्या माणसाला पैसे वाया गेल्यासारखे वाटते. अशा वेळी अळी मोजण्याऐवजी तिच्याभोवतीची ताजी विष्ठा पाहावी. ती दिसेनाशी झाली असेल तर औषध लागू पडले आहे असे समजायला हरकत नाही.

बीटीच्या इतर उणिवाही लपवण्यासारख्या नाहीत. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी तिचा प्रभाव काही दिवसांतच ओसरतो आणि जोराच्या पावसाने ती धुऊन जाते. म्हणून फवारणी संध्याकाळी करावी, द्रावणात चिकटद्रव्य घालावे आणि पाणी फार अल्कधर्मी नसल्याची खात्री करावी. कोबीच्या पानांवरचा मेणचट थर आणि पानांची खालची बाजू ही दोन ठिकाणे नीट भिजली नाहीत, तर दोष औषधाचा नसतो. मोठ्या झालेल्या अळ्यांवर तिचा परिणाम क्षीण असतो, त्यामुळे पिकाची पाहणी लवकर आणि वारंवार करावी लागते.

एवढ्या अटी वाचून कोणालाही वाटेल की कार्डे बरी, पानामागे टाचून मोकळे व्हावे. मलाही कार्डांविषयी मनापासून आदर आहे. परंतु ज्या एका गोष्टीने मी त्यांच्यापासून दूर गेलो ती म्हणजे त्यांचे वेळापत्रक, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

कार्डावर चिकटवलेली अंडी सहसा तांदळावरच्या पतंगाची असतात आणि ट्रायकोग्रामा त्यांच्या आत आधीच वाढत असतो. त्यांतून प्रौढ कीटक केव्हा बाहेर पडणार, हे शेतकरी ठरवत नाही. ते प्रयोगशाळेत अंड्यांत अंडी घातली गेली त्या दिवशीच, तापमानाच्या हिशेबाने, जवळजवळ ठरलेले असते. बाहेर पडलेला प्रौढ मोजके दिवस जगतो. दुसरीकडे शेतातील पतंगाची अंडीही उबदार हवेत तीन-चार दिवसांतच फुटतात आणि एकदा अळी बाहेर आली की ट्रायकोग्रामाच्या दृष्टीने तो विषय संपलेला असतो. म्हणजे दोन छोट्या मुदती एकमेकींवर नेमक्या बसवायच्या, आणि त्यांपैकी एकही आपल्या हातात नाही. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, पतंग दिसू लागले की कार्डे मागवायची, ती प्रवासात असताना उकाडा वाढला तर पाकिटातच कीटक बाहेर पडायला लागतात. थंडी पडली तर कार्ड शेतात लटकत राहते आणि तेवढ्यात मुंग्या त्यावर ताव मारतात. शीतकपाटात ठेवून वेळ लांबवता येते हे खरे, पण जितके अधिक ठेवावे तितके कमी आणि अशक्त कीटक निघतात, असे माझ्या पाहण्यात आले. यावर तज्ज्ञांचा उपाय सरळ आहे: एकदाच न सोडता ठरावीक अंतराने पुनःपुन्हा सोडत राहावे. मोठ्या क्षेत्रावर, खात्रीचा पुरवठा असताना आणि सबंध हंगामाचे नियोजन आधीच झालेले असताना हा उपाय उत्तम ठरतो. थोड्या क्षेत्रावर एकट्याने काम करणाऱ्याला मात्र सगळा आठवडा त्या पाकिटाभोवती फिरवावा लागतो.

त्यात निकाल दिसत नाही ही आणखी एक अडचण. परोपजीवीकरण झालेली, म्हणजे आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली, अंडी काळी पडतात, तेव्हा भिंग घेऊन पाने तपासली तर अंदाज येतो; पण अळ्या कमी निघाल्या त्या कार्डांमुळे की पतंगच कमी आले म्हणून, याचे उत्तर मला कधीच समाधानकारक मिळाले नाही. शिवाय शेजारच्या शेतातून रासायनिक फवाऱ्याचा अंश वाऱ्याबरोबर आला की एवढी मेहनत एका दुपारी निष्फळ होऊ शकते.

बीटीची पुडी याउलट थंड, कोरड्या जागी आपली वाट पाहत राहते. अळी दिसली की त्याच संध्याकाळी फवारता येते. लहानशी वाटणारी हीच सोय माझ्यासाठी निर्णायक ठरली, कारण शेतात प्रत्यक्ष उपयोगी पडतो तो उपाय बहुधा हाताशी असलेलाच असतो. बीटी मित्रकीटकांना थेट मारत नाही, त्यामुळे आपोआप शेतात आलेला ट्रायकोग्रामाही टिकून राहतो. फुकटात मिळालेली ती मदत मी आनंदाने घेतो.

तरीही कीड कोणती हे पाहिल्याशिवाय माझा कल उचलू नये. खोडकिडीसारखी अळी एकदा खोडात शिरली की बीटी तिच्यापर्यंत पोहोचत नाही; मका आणि उसात म्हणूनच अंड्यावर घाव घालणारी कार्डे अधिक सयुक्तिक आहेत. टोमॅटोत फळ पोखरणाऱ्या अळीला बीटीने गाठायचे तर ती फळात शिरण्याआधीच्या थोड्या दिवसांत गाठावे लागते. तंबाखूवरील पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा, हे दोन्ही उपायांचे अवघड दुखणे आहे: तिच्या अंडीपुंजावर केसांचे आवरण असल्याने ट्रायकोग्रामाला अडथळा होतो, आणि बीटीचा नेहमीचा कुर्स्टाकी हा प्रकार तिच्यावर फारसा चालत नाही. तेथे ऐझावाय हा प्रकार मागून घ्यावा. जवळपास रेशमाचे किडे पाळले जात असतील तर मात्र बीटीचा विचारच सोडावा. हा जिवाणू 1901 मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना सापडला तोच मुळी रोगट रेशीमकिड्यांत.

कोबीवर बीटीच वापरायची ठरल्यास ती दर आठवड्याला सवयीने मारत राहू नये. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने, म्हणजे कोबीवरील एका नेहमीच्या किडीने, मोकळ्या शेतात बीटीच्या फवारणीला दाद न देण्याची क्षमता कमावल्याचे हवाईमधील निरीक्षण 1990 मध्येच प्रसिद्ध झाले, आणि ते सतत फवारणी झालेल्या शेतांतले होते. दोन पिढ्यांमागे एकदा उपाय बदलावा, आणि त्या बदलाच्या पाळीत, पुरवठा वेळेवर होत असेल तर, कार्डे जरूर लावावीत.