मानोलो की खालिद, सांगलीच्या पोरांना कुणाची पद्धत लागू पडंल?

शिवाजी स्टेडियमवर पोरांना फुटबॉल खेळवणारा एक दोस्त डोकं खातोय, भारताच्या जुन्या कोचसारखं, म्हंजे मानोलोसारखं खेळवू, का नव्या खालिदसारखं. ऐक भावा.

रिझल्ट बघितला तर मानोलो मार्केझच्या 8 मॅचमध्ये एकच विजय, तोपण मालदीववर. खालिद जमील ऑगस्ट 2025 ला आला अन् काफा नेशन्स कपमध्ये (मध्य आशियातल्या देशांची स्पर्धा) ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात 2-1 हरवलं, आपल्या उवैसचा लांब थ्रो, अन्वर अलीचं डोकं, पाचव्या मिनिटाला गोल! पण पुढं गोव्यात सिंगापूरकडनं 1-2 हरलो अन् 2027 चा आशिया कप हुकला, त्यामुळं लई नाचू नको (निम्मी वाट मानोलोच्याच काळात लागलेली म्हणा).

वेळेचं म्हणशील तर मानोलो भारताबरोबर एफसी गोवा हा क्लबपण सांभाळायचा, दोन डगरींवर पाय.

खेळात खरा फरक. मानोलोला खालून पास करत बॉल न्यायचा असतो, हैदराबाद क्लबला 2021-22 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) त्यानं तशीच जिंकून दिली. खालिद आधी मागं कुलूप लावतो, मग थ्रो, फ्रीकिक, काउंटर, मिझोरामच्या आयझॉलसारख्या छोट्या टीमला 2017 ला आयलीग ही देशातली क्लबांची लीग जिंकून दिलीय त्यानं.

तुला महिन्यात टूर्नामेंट खेळायची तर खालिद. बारा-तेरा वर्षांची पोरं दोन-तीन वर्षं हाताशी असतील तर मानोलोच.