केप मे ला जाताय? वाटेत हा लाकडी हँगर बघाच

न्यू जर्सीतली एडिसनकडची आपली मंडळी उन्हाळ्यात केप मे ला जातात ती बीच, लाइटहाऊस, फोटो आणि परत. तिथल्या एअरपोर्टवर नेव्हल एअर स्टेशन वाइल्डवुड या अमेरिकन नेव्हीच्या जुन्या विमानतळाचं म्युझियम आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी "विमानं काय बघायची" म्हणून राहून जातं. मी म्हणेन विमानं राहू द्या, ती ठेवायची शेड, म्हणजे हँगर बघायला जा.

अख्खा हँगर लाकडाचा आहे!! दुसऱ्या महायुद्धात स्टीलची टंचाई, म्हणून 92,000 स्क्वेअर फुटांचं हे धूड लाकडातच उभं केलं. आत गेलात की आधी मान वर करून छताच्या कैच्या बघा. बाबा सिव्हिलवाले, ते तिथून हलेचनात. 1997 साली कुणीतरी विकत घेऊन दुरुस्त केला म्हणून वाचला, नाहीतर मोडकळीलाच आला होता.

1943 मध्ये नेव्हीने हा तळ सुरू केला तो डाइव्ह बॉम्बरवाल्यांसाठी. विमान चालवायला आधीच शिकलेली पोरं इथे स्क्वाड्रनमध्ये एकत्र सराव करायची आणि मग विमानवाहू जहाजावर. काम काय, तर विमानाचं नाक जवळजवळ सरळ खाली करून झेपावायचं, बॉम्ब सोडायचा आणि पाण्यात घुसायच्या आत वर खेचायचं. त्यात हेलडायव्हर हे विमान इतकं आडमुठं की वैमानिक त्याला बीस्टच म्हणायचे. ऑक्टोबर 1944 मध्ये एका महिन्यात जवळपास 17 हजार टेकऑफ-लँडिंग झाली, म्हणजे रोज साडेपाचशेच्या आसपास, करा विचार.

आणि या सरावातच 42 जण गेले. लढाईवर जायच्या आधीच. म्युझियम त्यांच्याच स्मरणार्थ आहे, त्यामुळे तो भाग घाईत उरकू नका प्लीज.

बाकी टॉमकॅट, मिग-15 वगैरे जेट आहेत, त्यांचा या तळाशी तसा संबंध नाही पण पोरं तिथेच चिकटतात. त्या काळातलं बघायचं तर अ‍ॅव्हेंजर बघा, पंख मागे दुमडून जहाजावर मावणारं.

भर उन्हाळ्यात शक्यतो सकाळीच जा. वेळ उरला तर जवळच सनसेट बीचच्या रस्त्याला 1942 चा काँक्रीटचा टेहळणी टॉवर आहे, तोही करा, फक्त आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खालीच बसवा, पायऱ्या बऱ्याच आहेत.