हॅशरेट खरा, कार्ड फसवं: तयार मायनिंग रिग घेताना कुठे फसायला होतं

व्यवहार सहा ग्राफिक्स कार्डांच्या तयार रिगचा होता, म्हणजे मायनिंगसाठी, क्रिप्टो नाणी काढण्यासाठी, जोडलेल्या यंत्राचा. एनव्हीडियाची चार आरटीएक्स ३०८०, एएमडीची दोन आरएक्स ५८०, मदरबोर्ड, १२०० वॅटचा पॉवर सप्लाय, सहा रायझर (कार्ड बोर्डापासून लांब बसवणारे जोड) आणि फ्रेम. विकणाऱ्याचं सांगणं एवढंच, की कार्डं तीन महिने फक्त गेमिंगला वापरली आहेत आणि रिग नुकतीच जोडली आहे. खात्री म्हणून त्याने तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. सहाही कार्डं चालू, प्रत्येक ३०८० चा हॅशरेट (मायनिंगच्या गणनांचा वेग) ९० मेगाहॅशच्या वर, तापमान ५८ अंश. पैसे गेले, रिग घरी आली, सुरूही झाली. दहा मिनिटांत चारपैकी तीन ३०८० चा हॅशरेट ६० च्या खाली आला. दुसऱ्या रात्री एका रायझरचा कनेक्टर वितळला.

त्या व्हिडिओतला एकही आकडा खोटा नव्हता, म्हणून ही फसवणूक नीट समजून घ्यायला हवी. जे दाखवलं ते खरं होतं. जे दाखवलं नाही त्यात सगळी मेख होती.

५८ अंश हे कोअरचं, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं तापमान. ३०८० वर कोअरभोवती जीडीडीआर६एक्स मेमरीच्या दहा चिप्स असतात आणि मायनिंगमध्ये खरा ताण त्यांच्यावर येतो, कारण इथॅशसारखे मायनिंगचे अल्गोरिदम मेमरीच्या बँडविड्थवर, म्हणजे डेटा ने-आण करण्याच्या वेगावर, चालतात. कोअर निवांत ५८ वर असताना मेमरी ११० अंशांवर तापलेली असू शकते. ११० ला कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतं आणि हॅशरेट कोसळतो. थंड कार्ड सुरू करून पहिली तीन मिनिटं चित्रित केली तर मेमरी तिथवर पोचलेलीच नसते. मेमरीचं तापमान बघायचं तर विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि ‘जीपीयू मेमरी जंक्शन टेम्परेचर’ ही ओळ शोधा. मायनिंग सॉफ्टवेअरच्या पडद्यावर बहुतेक वेळा दिसतं ते कोअरचं तापमान.

कूलर उतरवल्यावर बाकीचा प्रकार उघडा पडला. कोअरवर ताजी पेस्ट लावलेली होती, अगदी कडेपर्यंत नीट पसरलेली. त्यामुळे दाखवायचा आकडा सुंदर येत होता. मेमरीवरचे पॅड (चिपमधली उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे) मात्र दोन कार्डांवर जुनेच होते. बोटाने दाबले तर कडक, कडेला भुगा होणारे, आणि त्यांच्यातून झिरपलेलं सिलिकॉन तेल चिप्सच्या भोवती चिकट थर करून बसलेलं. तिसऱ्या कार्डावर पॅड नवे होते, पण पातळ. पॅड चिपवर नीट दाबला गेला असेल तर कूलर काढल्यावर त्यावर चिपचा चौकोन स्पष्ट उमटलेला दिसतो. या कार्डावर दहापैकी सहा पॅड गुळगुळीत होते, कसलाच ठसा नाही. म्हणजे हीटसिंक आणि चिप यांच्यात हवा होती, आणि हवेतून उष्णता फारशी जात नाही.

इथे उलटी चूकही तेवढीच महागात पडते. घाबरून जाड पॅड लावले तर कूलर मेमरीवर टेकतो आणि कोअरवरून उचलला जातो. मग कोअर आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) या दोन तापमानांतलं अंतर वाढतं; ते २० अंशांच्या पुढे सतत राहिलं तर कूलर नीट बसलेला नाही असं समजा. पॅड ०.५, १, १.५, २ मिलिमीटर अशा जाडीत मिळतात आणि एकाच कार्डावर मेमरीला वेगळी, व्हीआरएमला (चिपला वीज पुरवणाऱ्या भागाला) वेगळी जाडी लागू शकते. त्याच ३०८० च्या दोन कंपन्यांच्या कूलरमध्येही जाडी बदलते. जुना पॅड मोजून तीच जाडी घेऊ नका, कारण तो दबलेला असतो. नेमक्या मॉडेलची जाडी शोधा. पाकिटावर छापलेल्या उष्णतावहनाच्या मोठ्या आकड्याला फार भुलू नका. पॅड मऊ आहे आणि नीट दबतो आहे, हे त्या आकड्याहून महत्त्वाचं.

आता आरएक्स ५८०. ही दोन्ही कार्डं चालू होती, गरम होत नव्हती, हॅशरेटही ३० च्या आसपास. तक्रारीला जागाच नाही असं वाटावं. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर शेडर्सच्या, म्हणजे स्ट्रीम प्रोसेसरच्या, रकान्यात २०४८. पूर्ण आरएक्स ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर असतात. २०४८ हा आकडा आरएक्स ५७० चा. २०१८ मध्ये एएमडीने ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ नावाचं कार्डही काढलं होतं, म्हणून २०४८ दिसले की कार्ड बनावटच असं म्हणता येत नाही. पण ते कार्ड पूर्ण ५८० च्या भावाने विकणं ही फसवणूकच. ५७० आणि ५८० दोन्हींची मेमरी २५६ बिटची, त्यामुळे इथॅशवर दोघांचा हॅशरेट जवळजवळ सारखा येतो. हॅशरेट बघून हा फरक कळणारच नाही. तो कळतो केपॉवसारख्या कोअरला राबवणाऱ्या अल्गोरिदमवर, किंवा सरळ जीपीयू-झेडमध्ये.

या कार्डांचं बायोसही (कार्डातली मूळ आज्ञावली) बदललेलं होतं. मेमरीचे टायमिंग कसून हॅशरेट वाढवण्यासाठी पोलारिस, म्हणजे ५७०-५८० च्या पिढीच्या कार्डांवर हे सर्रास केलं जायचं. विंडोजवर एएमडीचा कोरा ड्रायव्हर टाकला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ आला, तर बायोस बदलल्याची शक्यता मोठी. ड्रायव्हर सही नसलेलं बायोस स्वीकारत नाही. काही कार्डांवर दोन बायोसमधला छोटा स्विच असतो. तो आधी दुसऱ्या बाजूला करून बघा, कारण तिकडे मूळ बायोस शाबूत असू शकतं. कसलेल्या टायमिंगवर मेमरी चुका करते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये एएमडी कार्डांसाठी ‘जीपीयू मेमरी एरर्स’ हा मोजणारा आकडा आहे. तो अर्ध्या तासात शून्यावरून हलला नाही पाहिजे.

सर्वांत जुनी बनावट याहून धीट असते. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयसारख्या एनव्हीडियाच्या जुन्या, फर्मी काळातल्या कार्डावर खोटं बायोस चढवून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकतात. अशा कार्डावर व्हीजीएचं निळं पोर्ट दिसलं की शंका पक्की करा. १०५० टीआयच्या पास्कल चिपमध्ये अॅनालॉग आउटपुट नाही. जीपीयू-झेड २.१२.० पासून पुढच्या आवृत्त्या अशी बरीच एनव्हीडिया कार्डं ओळखून नावापुढे ‘फेक’ असं लिहितात. हे सॉफ्टवेअर स्वतः उतरवून चालवा, विकणाऱ्याच्या पेनड्राइव्हवरचं नको.

विजेच्या आकड्यातही तीच चलाखी होती. विकणाऱ्याच्या पडद्यावर ५८० चा वापर ८० वॅट दिसत होता. पोलारिस कार्ड सॉफ्टवेअरला फक्त चिपची वीज कळवतं. मेमरी, व्हीआरएम आणि पंखे त्यात धरलेले नसतात. भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावला तेव्हा कार्डामागे १३० वॅट निघाले. एनव्हीडियाची कार्डं पूर्ण बोर्डाचा आकडा देतात, तरी पॉवर सप्लायची गळती त्यातही नसते. हिशेब नेहमी सॉकेटवरच्या मीटरवरून करा. चार ३०८० प्रत्येकी २३० वॅट म्हणजे ९२०, दोन ५८० मिळून २६०, बोर्डाचे ७०: एकूण १२५० वॅट. आणि रिगसोबत आलेला सप्लाय १२०० वॅटचा, जो चोवीस तास चालवायचा तर ८० टक्के, म्हणजे ९६० वॅटपर्यंतच ताणावा. कार्डं खरी असती तरी ही जोडणी टिकणारी नव्हती.

रायझर वितळला त्याचं कारण साधं आहे. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं आणि रायझरला ती सगळी वीज स्वतःच्या कनेक्टरवरून द्यावी लागते. हार्ड डिस्कसाठीच्या साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॅट. सहापैकी दोन रायझर साटावर होते. रायझरला ६ पिनची वायर थेट पॉवर सप्लायमधून द्या, एका वायरवर दोनच्या वर रायझर लावू नका, आणि साटातून ६ पिन करणारा अॅडॉप्टर दिसला तर काढून फेकून द्या. त्याने आग लागते. पैशांचं नुकसान त्यापुढे काहीच नाही.

कमाईचा तक्ता हा या व्यवहारातला सर्वांत निर्लज्ज भाग. त्यात रोजची कमाई इथर या इथरियमच्या नाण्यात मांडली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथरियम प्रूफ ऑफ स्टेकवर, म्हणजे मायनिंग न लागणाऱ्या पद्धतीवर गेलं. तेव्हापासून ग्राफिक्स कार्डाने इथर काढताच येत नाही. इथरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशी नाणी कार्डावर निघतात, पण त्यांचं गणित वेगळं आहे. त्याच तारखेनंतर मायनिंगची कार्डं ढिगाने बाजारात आली आणि ‘फक्त गेमिंगला वापरलं’ हे वाक्य तेव्हापासून सगळीकडे ऐकू येतं. एलएचआरची (एनव्हीडियाने काही कार्डांवर घातलेल्या हॅशरेटच्या मर्यादेची) भीती घालून ‘अनलॉकर’ विकणाऱ्यांपासूनही लांब राहा. ती मर्यादा मे २०२२ मध्ये मायनिंग सॉफ्टवेअरनेच पूर्ण उठवली. त्याआधी फेब्रुवारीत अशा एका अनलॉकरच्या नावाखाली व्हायरस पसरवला गेला होता.

घ्यायच्या आधी दोन तास मागा. जो दोन तास देत नाही त्याच्याकडून कार्ड घेऊ नका, किंमत कितीही कमी असली तरी. पहिली दहा मिनिटं कार्ड हातात धरून बघायची. स्क्रूच्या खाचा घासलेल्या आहेत का, मागच्या बाजूला मेमरीच्या जागी बोर्ड पिवळट-तपकिरी पडला आहे का, चिप्सच्या कडेला पांढरा थर आहे का (पाण्याने धुतलेल्या कार्डावर तो राहतो), पंखा बोटाने हलवला तर आसावर डुगडुगतो का. कार्डावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा. मग कार्ड रायझरशिवाय थेट बोर्डवर लावा आणि जीपीयू-झेडमध्ये बस रुंदी, म्हणजे चालू लेनची (डेटाच्या वाटांची) संख्या, ताणाखाली १६ येते का बघा. रायझरवर कार्डाला एकच लेन लागते, म्हणून कनेक्टरजवळचे बारीक कपॅसिटर उडालेलं कार्डही वर्षभर मायनिंग करू शकतं. थेट लावल्यावर ते ८ किंवा ४ वर अडकतं.

त्यानंतर मेमटेस्ट-व्हल्कन किंवा ओसीसीटीची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी अर्धा तास, एकही चूक नको. उरलेला वेळ प्रत्यक्ष मायनिंग, विकणाऱ्याच्या नाही तर तुमच्या सेटिंगवर आणि तुमच्या वॉलेटवर. जीडीडीआर६एक्स ९५ अंशांच्या खाली स्थिरावली तर ठीक. १०० ओलांडत असेल तर पॅड बदलायचा खर्च आणि जोखीम किमतीतून वजा करा. जीडीडीआर६एक्स मेमरी ठरलेल्या वेगापेक्षा फार पळवली (ओव्हरक्लॉक) की कार्ड लगेच बंद पडत नाही. चुकलेला डेटा पुन्हा पाठवत राहतं आणि वेग हळूच घसरतो. म्हणून सॉफ्टवेअरचा हॅशरेट आणि पूलने (अनेकांचं मायनिंग एकत्र करणाऱ्या सेवेने) स्वीकारलेले शेअर, म्हणजे कार्डाने पाठवलेली बरोबर उत्तरं, दोन्ही बघा. पूलवरची दहा मिनिटं नशिबावर जातात, तिथला भरवशाचा आकडा चोवीस तासांचा.

घरासाठी कार्ड निवडायचं तर आमचं मत ३०८० च्या विरोधात आहे. आरटीएक्स ३०६० टीआयची मूळ आवृत्ती किंवा ३०७० साध्या जीडीडीआर६ वर चालतात, इथॅशवर १२० ते १३० वॅटमध्ये ६० मेगाहॅशच्या आसपास देतात आणि त्यांची मेमरी थंड ठेवायला कसरत लागत नाही. एक अडचण आहे: त्यांच्या मेमरीचं तापमान सेन्सरवर दिसत नाही. बॅकप्लेटवर इन्फ्रारेड थर्मामीटरने अंदाज घ्यावा लागतो.

आणि विकणारा ‘कूलिंगची चिंता नको, पंखे दिलेत’ म्हणतो तेव्हा खोलीचा हिशेब मागा. १२५० वॅटची रिग म्हणजे १२५० वॅटचा हीटरच. तासाला साधारण ४,२६५ बीटीयू उष्णता, महिन्याला ९०० युनिट. खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून गरम होऊ द्यायची नसेल तर तासाला सुमारे ३७५ घनमीटर हवा बाहेर काढावी लागते, म्हणजे २२० सीएफएम (मिनिटाला घनफूट). पंख्यावर छापलेला सीएफएम जाळी आणि पाइप नसतानाचा असतो, म्हणून दीडपट क्षमतेचा एक्झॉस्ट घ्या आणि तेवढीच मोठी हवा आत यायची वाट समोरच्या बाजूला खाली ठेवा. कार्डांमध्ये किमान एका कार्डाच्या जाडीचं अंतर सोडा. फ्रेमवरचे पंखे तीच गरम हवा खोलीत फिरवत राहतात.

फसवणूक लक्षात आली तर पहिल्यांदा हात आवरा. स्क्रू काढू नका, बायोस परत चढवू नका, पॅड बदलू नका. तसं केलं की ‘तुम्हीच उघडलंत’ हे उत्तर मिळतं. या व्यवहारात कूलर उतरवले गेले ते विकणाऱ्याने परतावा नाकारून फोन उचलणं बंद केल्यावर. त्याआधी खोकं उघडतानाचा न कापलेला व्हिडिओ, सिरियल नंबरचे फोटो, जीपीयू-झेडचं चित्र आणि एचडब्ल्यूइन्फोची एक तासाची लॉग फाइल काढून ठेवा. लॉगमध्ये मेमरी ११० ला पोचल्याची आणि त्याच मिनिटाला क्लॉक पडल्याची नोंद शेजारीशेजारी येते. विकणाऱ्याचा व्हिडिओ आणि जाहिरातीचा मजकूरही त्याने काढून टाकायच्या आत जतन करा. त्यातलं ‘आरएक्स ५८०’ आणि तुमच्या चित्रातले २०४८ शेडर्स एकत्र ठेवले की पैसे ज्या माध्यमातून दिले तिथे तक्रार मांडता येते.