जुनी होंडा सिव्हिक १.८ की जुनी टोयोटा कोरोला १.८?

दोन्ही चालवून बघितल्या. आठव्या जनरेशनच्या सिव्हिकचं आर१८ इंजिन १७९९ सीसी, सिंगल कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा एकच), आय-व्हीटेक (व्हॉल्व्हची उघडझाप गरजेनुसार बदलणारी यंत्रणा) आणि कोरोलाचं १झेडझेड १७९४ सीसी, डबल कॅम, व्हीव्हीटी-आय (टोयोटाची तशीच यंत्रणा), म्हणजे कागदावर फरक फारसा नाहीच, पण सिव्हिक वरच्या आरपीएमला जी मोकळी पळते ना, खरंच मजा येते, स्टिअरिंगपण एकदम शार्प. फक्त गाडी खाली बसते, स्पीडब्रेकरवर जपून. कोरोला शांत, सीट मऊ. दोन्हींना टायमिंग चेन, म्हणजे ठरावीक काळाने बेल्ट बदलायची कटकट नाही. सुरुवातीच्या वर्षांची १झेडझेड इंजिनं ऑइल पितात, त्यामुळे घेताना डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघाच. मी तरी सिव्हिकच घेईन.