‘शंभर टक्के इनबॉक्स’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासदांच्या तुरीची डाळ करून आम्ही नागपूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट विकतो. ऑर्डर वेबसाइटवर येते, पावती ईमेलनं जाते. ज्यांनी स्वतःहून नाव नोंदवलं त्यांना महिन्याला बातमीपत्र जातं. नवी डाळ कधी निघणार हे त्यांना त्यातूनच कळतं. ते पाठवून देतो म्हणून आलेल्या एकानं आम्हाला लुबाडलं. तो आणखी कुठल्या कंपनीच्या दारात उभा राहील, म्हणून हे लिहितो आहे.

तो म्हणाला, “भाऊ, तुमच्या सर्व्हरवरून एवढे मेल सोडले तर गूगल अडवते. माझ्याकडून पाठवा, शंभर टक्के इनबॉक्स.” पहिलं वाक्य बरंचसं खरं होतं. पुष्कळ क्लाउड कंपन्या २५ नंबरचा पोर्ट, म्हणजे मेल बाहेर सोडायचा रस्ता, बंदच ठेवतात, आणि नव्या आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) एकदम हजारो मेल सुटले की जीमेल संशय घेतं. दुसरं वाक्य निव्वळ थाप. मेल इनबॉक्सात टाकायचा की स्पॅममध्ये, हे घेणारा सर्व्हर ठरवतो. त्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. त्यानं वर्षाचे पैसे आगाऊ घेतले आणि ‘सेटिंगसाठी’ डोमेनचा, म्हणजे आमच्या वेबसाइट-ईमेलच्या नावाचा, पासवर्डही.

त्याच्या रिपोर्टात जवळपास सगळे मेल ‘डिलिव्हर्ड’ दिसायचे. समोरच्या सर्व्हरनं २५० हा कोड दिला की तो डिलिव्हर्ड धरायचा. त्या कोडचा अर्थ एवढाच, की मेल स्वीकारला. पुढे तो स्पॅममध्ये गेला तरी कोड तोच राहतो.

मग वाशिमकडून एका अनोळखी माणसाचा फोन आला : “म्या तं तुमच्याकून कधी डाळ घेतली नाही. मंग हे कर्जाचे मेल मले कायले धाडून रायले?” त्याच सुमारास गिऱ्हाइकं सांगू लागली की पावती मिळत नाही. तीसुद्धा ऐन तुरीच्या हंगामात!

पुण्याला नोकरी करणाऱ्या एका सभासदाच्या मुलीनं डीमार्कचे, म्हणजे डोमेनच्या नावाचा गैरवापर ओळखणाऱ्या व्यवस्थेचे, रिपोर्ट उघडले. आपल्या डोमेनच्या नावानं कोणत्या आयपीवरून किती मेल गेले, हे जीमेल, याहू रोज कळवतात. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, त्यासाठी आपला ईमेल पत्ता द्यावा लागतो. आमच्या यादीच्या कितीतरी पट मेल त्याच्या सर्व्हरवरून गेले होते, आणि सगळ्यांवर आमची डीकेआयएम सही, म्हणजे मेल आमच्याच डोमेनचा असल्याची डिजिटल खूण! विकत घेतलेल्या याद्यांवर तो दुसऱ्यांच्या जाहिराती आमच्या नावानं सोडत होता. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचा नियम आहे की जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,०००च्या वर मेल पाठवणाऱ्याकडे एसपीएफ (आपल्या नावानं मेल पाठवायला परवानगी असलेल्या सर्व्हरची यादी), डीकेआयएम, डीमार्क आणि एका क्लिकवर नाव काढायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत हव्यात. आमचं डोमेन त्या रेषेच्या पार गेलं होतं, म्हणून आमच्या पावत्याही स्पॅममध्ये पडत होत्या. शेतकऱ्यांनी इमानानं कमावलेलं नाव त्यानं भाड्यानं दिलं, याचा मला फार संताप येतो.

असा कोणी आला तर परत आलेल्या मेलची यादी कारणांसकट मागा. त्याच्या मार्फत एक मेल स्वतःच्या जीमेलवर मागवून ‘शो ओरिजिनल’ पाहा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ हवं. डोमेन संस्थेच्याच नावावर ठेवा आणि डीएनएसच्या नोंदी स्वतः टाका.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. बातमीपत्र आता वेगळ्या सबडोमेनवरून (मुख्य डोमेनच्या पोटातल्या नावावरून), रांगेनं, थोडं थोडं जातं. पासवर्ड बदलला तरी काम संपत नाही : त्याची डीकेआयएम नोंद डीएनएसमधून काढा आणि एसपीएफमधून त्याचा सर्व्हरही वगळा, नाहीतर तो तुमच्या सहीनं मेल पाठवतच राहील.