राजारामपुरीतील ड्रायव्हिंग स्कूल : एका पालकाचा अभिप्राय

मुलाला 18 वर्षे पूर्ण होताच आम्ही त्याला कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातले. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश 18 ते 45 या वयोगटातील होती आणि बहुतांश मृत्यूंमागे अतिवेग होता; त्यामुळे क्लच-गिअरपेक्षा वेगाची समज तिथे कशी देतात, हेच मला पाहायचे होते. या बाबतीत शिकवणारे काका उत्तम आहेत. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते, हे त्यांनी रंकाळ्याच्या कडेला पावले मोजून दाखवले, तेव्हा मुलगा अक्षरशः गप्प झाला. सोळा वर्षांच्या मुलासाठी चौकशीला आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी पालकाला होणारा 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद समजावून परत पाठवले, याचे मला विशेष कौतुक वाटले. मात्र महिनाभरात एकदाही रात्री किंवा महामार्गावर सराव झाला नाही, ही उणीव मला गंभीर वाटते. गाडी जुनी असली तरी ब्रेक चोख होते. धाकटीलाही मी इथेच पाठवीन, पण रात्रीच्या सरावाचे आधी ठरवून घेईन.