पोकेमॉन: 'गोल्ड'पर्यंत बावनकशी, पुढे थोडी भेसळ

पोकेमॉन या व्हिडिओ गेम मालिकेतल्या, १९९६ मध्ये जपानात आलेल्या पहिल्या 'रेड' आणि 'ग्रीन'मध्ये पकडून गोळा करायचे १५१ प्राणी. सगळे हवेत तर गेमबॉय या हातात धरायच्या यंत्राला केबल जोडून दुसऱ्याशी अदलाबदल करावीच लागे. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरींची खरी मेख हीच. पण माझा जीव १९९९ च्या 'गोल्ड'वर. त्यात १०० नवे प्राणी आले, शिवाय खऱ्या वेळेनुसार चालणारं घड्याळ. हूटहूट हे घुबड भेटणार रात्री, आणि गेमबॉय कलरच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून मी पांघरुणात टॉर्च घेऊन बसायचो. (आईला वाटायचं, अभ्यास!) 'गोल्ड'मधला जोहतो प्रदेश जिंकला की 'रेड'-'ग्रीन'मधला जुना कांटो प्रदेशही उघडतो. जुनं कार्ट्रिज घेणार असाल तर बॅटरी तपासा; ती गेली की सेव्हही गेलंच.

२००६ च्या 'डायमंड'-'पर्ल'ने शारीरिक की विशेष हल्ला, हे पाणी, आग अशा प्रकाराऐवजी प्रत्येक चालीनुसार ठरवलं आणि ग्याराडोस या पाण्यातल्या प्राण्याच्या शारीरिक ताकदीचं अखेर चीज झालं. २०१९ च्या 'सोर्ड'-'शील्ड'मध्ये मात्र सगळे जुने प्राणी आणता येत नाहीत. गोळा करण्याच्या खेळात हे? मला नाही पटलं. 'स्कार्लेट'-'व्हायोलेट'चं मोकळं जग झकास, पण निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर चित्र अडखळतं. नवख्यांनी निन्टेन्डोच्या जुन्या डीएस यंत्रावरचं 'हार्टगोल्ड', म्हणजे 'गोल्ड'चीच नवी आवृत्ती, घ्यावं, किंमत परवडली तर.